एक्क्याऐंशी गुणांची मानकरी

तिला सगळे शेपूट म्हणत. रागाने नाही, लाडानेच. पण लाडाने म्हटलं तरी शेपूट ते शेपूटच. शाळेच्या क्रॉस-कंट्री धावण्याच्या संघात सहा मुली होत्या, आणि सराव कुठेही असो, सहावी येणार ती हीच. एकदा मास्तर वाट बघून कंटाळले आणि ओरडले, "अगं, शेपूट आलं का नाही अजून?" झालं. त्या दिवसापासून हजेरीच्या वहीतलं नाव हजेरीच्या वहीतच राहिलं.

वय सतरा. घरात आई आणि ती. पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान, मागच्या खोलीत संसार. पहाटे उठून धावायचं, सातला परत येऊन आईबरोबर कॉलरींवर पाणी मारायचं, मग शाळेत जाऊन शेवटच्या बाकावर डुलक्या काढायच्या. आई गिऱ्हाइकांना सांगायची, "आमची पोर पळते हो." कितवी येते, हे कुणी विचारलं की तिला नेमकं इस्त्रीकडे बघावं लागे.

आता ही क्रॉस-कंट्री म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. गुळगुळीत मैदान सोडून चढ, उतार, गवत, चिखल यांतून धावायचं. ज्या क्रमांकाने तुम्ही पोचाल तेवढे गुण तुमच्या संघाच्या माथी. पहिलीला एक, विसावीला वीस. प्रत्येक संघाच्या पहिल्या चौघींची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकला. जास्त गुण म्हणजे जास्त मागे. शाळेतल्या पोरांना हे एका दमात कळतं. मोठ्या माणसांचं मात्र सांगता येत नाही.

पाचवी आणि सहावीही धावतात, दमतात, चिखलात लोळतात, पण त्यांना कुणी मोजत नाही. म्हणजे शेपूट तीन वर्षं धावत होती आणि तीन वर्षांत एकाही बेरजेत ती नव्हती. ती धावली काय आणि घरी झोपली काय, उत्तर तेच यायचं. तरी बाई पहाटे उठून धावायची. का, असं विचारलंत तर ती खांदे उडवायची.

मग आली आंतरराष्ट्रीय कुमार स्पर्धा, आणि देशातर्फे याच शाळेचा संघ निवडला गेला. परदेशात, विमानाने. धावण्याच्या संघटनेला नऊ जागा मिळाल्या. सहा मुली, एक मास्तर, आणि उरलेल्या दोन जागांवर कुणीही पदाधिकारी, असा सरळ हिशेब होता. पण अध्यक्षसाहेब नुकतेच बास्केटबॉलच्या संघटनेतून इकडे आले होते. तिकडची निवडणूक हरल्यावर धावणाऱ्यांचं नशीब उघडलं होतं. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं, 'चौघींचीच बेरीज' हे वाक्य त्यांना सापडलं, आणि तिथेच त्यांनी पुस्तक मिटलं. "मोजतात चारच, मग सहा कशाला न्यायच्या?" असं म्हणून त्यांनी स्वतः, उपाध्यक्ष, पथकप्रमुख, उपपथकप्रमुख आणि आहारतज्ज्ञ अशी पाच नावं लिहिली. आहारतज्ज्ञ म्हणजे त्यांची मेहुणी. तिचं पडद्यांचं दुकान होतं. मास्तरांना सांगितलं, "तुम्ही इथूनच लक्ष ठेवा."

तरी त्या चौघींत शेपूट असायचं कारण नव्हतं. पण चौथीचा पाय मुरगळला, आणि पाचवीचे तीन तारखांचे जन्माचे तीन दाखले निघाले, तिन्ही अस्सल. राहिली शेपूट. मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. त्यांचा चेहराच उतरला होता. "हे बघ, चौघीच आहात. एक जरी मध्येच थांबली तर संघ बाद, बाकीच्या तिघींचंही धावणं फुकट. तू जिंकू नकोस. तू फक्त पोच."

"पोचते," शेपूट म्हणाली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती मोजली जाणार होती.

शर्यत कशी झाली? ब्याण्णव मुली, तीन फेऱ्या, आणि रात्रभर पाऊस पडून गेल्यामुळे घोट्याएवढा चिखल. संघातली पहिली मुलगी काडी. वारा आला तर उडून जाईल अशी अंगकाठी, पण धावायला लागली की भल्याभल्यांची भंबेरी उडवायची. ती सातवी आली. ब्याण्णवांत सातवी! दुसरी घुमी, तोंडातून शब्द न काढणारी, सव्विसावी. तिसरी बाईसाहेब, जी चिखलातही केस सावरायची, ती चव्वेचाळिसावी. आणि शेपूट? दुसऱ्या फेरीतच तिच्या बरगडीत अशी कळ आली, की ती वाकली. बाजूला दोरीपलीकडे अध्यक्षसाहेब छत्री धरून उभे होते. ते म्हणाले, "थांबलीस तरी चालेल गं, बाकीच्या आहेत!" शेपटाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ती पुन्हा पळत सुटली. अख्ख्या शर्यतीत तिला मिळालेला तेवढाच एक मार्गदर्शनाचा शब्द, आणि तोही चुकीचा.

ती एक्क्याऐंशीवी आली. पोचल्या पोचल्या गवतावर आडवी झाली.

एकूण गुण एकशे अठ्ठावन्न. चौदा देशांत नववा नंबर. वाईट नाही, उलट चांगलंच. पण फळ्यावरचा आकडा बघून अध्यक्षसाहेबांचे डोळे विस्फारले. पहिल्या देशाचे गुण अवघे एकतीस, आणि आपले एकशे अठ्ठावन्न! तरी आपण नववे? त्यांनी तिथल्या तिथे तक्रार लिहिली. पंचांनी ती वाचली, एकमेकांकडे बघितलं, आणि अतिशय अदबीने काहीतरी बोलून परत दिली. अध्यक्षांना ती भाषा येत नव्हती. परत आल्यावर त्यांनी अहवालात लिहिलं, 'निकाल विचाराधीन आहे.'

परतल्यावर सभागृहात सत्कार झाला. अध्यक्षांनी हातात कागद घेतला. "संघाच्या एकशे अठ्ठावन्न गुणांपैकी एक्क्याऐंशी गुण, म्हणजे निम्म्याहून जास्त, एकट्या या मुलीने मिळवले. आणि जिच्यावर आमच्या मोठ्या आशा होत्या तिने..." त्यांनी काडीकडे दयेने बघितलं, "तिने सात. असो. होतं असं." टाळ्या कडाडल्या. शेपटाच्या हातात एवढा मोठा पुष्पगुच्छ आला, की तिचं तोंडच झाकलं गेलं, आणि ते बरंच झालं. मास्तर मागच्या रांगेत अर्धे उठले, तोंड उघडलं, आणि शाळेचे चेअरमन शेजारीच बसले आहेत हे पाहून पुन्हा खाली बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'एक्क्याऐंशी गुणांचा विक्रम'. पेपरवाल्यांचंही काय चुकलं म्हणा. संघटनेने दिलेला कागद त्यांनी न वाचता छापला, रोजच्यासारखा.

इथवर सगळं हसून सोडून देण्यासारखं होतं. पण चौथ्या दिवशी पत्र आलं.

डोंगरात एक प्रशिक्षण केंद्र आहे. दोन वर्षं तिथे राहायचं. स्वतःचा पलंग, तीन वेळचं जेवण, शाळा, डॉक्टर, आणि धावणं शिकवणारी खरीखुरी माणसं. या वर्षी संघटनेच्या वाट्याला एक जागा होती, आणि ती 'संघातील सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूस' द्यायची होती. पत्रावर शेपटाचं खरं नाव टाइप केलेलं होतं. स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं.

आई रडली. इस्त्री तशीच तापत ठेवून रडली, एका शर्टाची बाही गेली. मग तिने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते पत्र दाखवलं, अगदी मोजे धुऊन मिळतील का विचारणाऱ्यालासुद्धा. मायलेकी जमिनीवर झोपायच्या, कारण एकुलत्या एका पलंगावर गिऱ्हाइकांचे गठ्ठे असत. तीन रात्री शेपूट ते पत्र उशाखाली घेऊन झोपली.

तिला माहीत नव्हतं असं समजू नका. तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. ती जागा काडीची होती. पण ती मनाशी म्हणायची, मी कुठे मागितली? मी काय खोटं बोलले? मोठ्या माणसांनी दिलीय, सही-शिक्क्याने दिलीय. मी पोचले नसते तर कुणालाच काही मिळालं नसतं. हे सगळं खरंच होतं, आणि त्यातल्या कशानेही झोप येत नव्हती.

पत्र आल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी काडी दुकानात आली. तिच्या हातात निळा डगला होता, खोक्यांच्या कारखान्यातला. "काकू, सोमवारपर्यंत इस्त्री करून द्याल? मामा म्हणतोय, पळून पळून झालं, आता कामाला लाग." मग शेपटाकडे वळून म्हणाली, "अभिनंदन गं." आणि तिने ते मनापासून म्हटलं, हीच तर पंचाईत होती. टोमणा मारला असता तर शेपटाला बरं वाटलं असतं. काडी गेली. शेपटाने त्या डगल्याला इस्त्री केली, नीट घडी घातली, आणि चप्पल पायात सरकवून ती संघटनेच्या कचेरीकडे निघाली.

कचेरीत अध्यक्षसाहेब होते. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं: साहेब, कमी गुण चांगले, काडी सातवी आली, मी एक्क्याऐंशीवी, जागा तिची आहे. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं आणि उपाध्यक्षांकडे वळले. "बघितलंत? याला म्हणतात विनय. एवढं यश मिळूनही डोक्यात हवा नाही."

"साहेब, विनय नाही हो, खरंच सांगते. मास्तरांना विचारा."

"मास्तरांची तीन पत्रं आली आहेत. ती नोंदवून घेतली आहेत." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मैत्रिणीसाठी जीव तुटतो, समजतं मला. जा, पोटभर जेव."

आता या माणसापुढे कोण काय डोकं फोडणार! ती बाहेर आली आणि कारकुनाच्या टेबलापाशी थांबली. कारकून टाचण्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत होता. तिने विचारलं, "मी नाही म्हटलं, तर जागा कुणाला जाते?"

"उतरत्या क्रमाने," कारकून मान वर न करता म्हणाला. "एक्क्याऐंशीच्या खालोखाल चव्वेचाळीस. तिने सोडली तर सव्वीस."

"आणि तिनेही सोडली तर?"

"मग सात." आता त्याने मान वर केली. "पण बाई, सात म्हणजे काय गुण झाले? असली मुलगी तिथे पाठवली तर आमची छी-थू होईल. तीन लेखी नकार लागतील, शनिवारी एकच्या आत. शिवाय संधी नाकारली म्हणून नाकारणारीला वर्षभर संघात घेत नाहीत. नियम आहे."

शेपटाने तिथेच एक कागद मागून घेतला आणि आपल्या जागेवर पाणी सोडलं. सही करताना तिने एकेक अक्षर इतकं जपून काढलं, की कारकुनाने विचारलं, "ही तुझीच सही ना?"

आईला सांगितलं तेव्हा आईने इस्त्री दाणकन आपटली. "अक्कल आहे का तुला? लोक हातापाया पडून जागा मिळवतात, आणि ही दारात आलेली परत पाठवते! आता त्या गिऱ्हाइकांना मी काय तोंड दाखवू?" त्यानंतर दोन दिवस आई तिच्याशी फक्त कपड्यांपुरतं बोलली.

बाईसाहेबांचा नकार मिळवायला पाच मिनिटं लागली. तिने आधी एवढंच विचारलं, की केंद्रात खोलीत आरसा असतो का आणि फोन वापरू देतात का. दोन्हींचं उत्तर नाही म्हटल्यावर तिने आपल्या सुंदर अक्षरात नकार लिहिला. वर्षभर संघाबाहेर राहावं लागेल म्हटल्यावर तर ती खूशच झाली.

घुमीचं काम अवघड होतं. तिच्या बापाचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. ती एका चाकाच्या तारा आवळत बसली होती. शेपटाने सगळं दोनदा सांगितलं, हात जोडले, पहिली येणारी पोर खोकी चिकटवत बसेल म्हणून काकुळतीला आली. घुमी चाक फिरवत राहिली. शेपटाच्या मनात आलं, की हिने आता पाना फेकून मारला तरी चालेल पण काहीतरी बोलावं.

"काडी गेली," घुमी शेवटी म्हणाली, "तर इथे पहिली कोण?"

"तू. पण वर्षभर संघात घेणार नाहीत."

"वर्ष जाईल. काडी इथे राहिली तर जन्मभर दुसरी." तिने तेलकट हाताने कागद ओढला. नकारावर तिचा अंगठ्याएवढा काळा डाग पडला, तो कारकुनाने शिक्का समजून मान्य केला.

शुक्रवारी सकाळी काडीला पत्र गेलं. सही करून शनिवारी एकच्या आत परत द्यायचं होतं, नाहीतर जागा रद्द. शेपटाला वाटलं, सुटले एकदाची.

शनिवारी सकाळी अकराला काडी वादळासारखी दुकानात शिरली. इस्त्रीच्या टेबलावर तिने पत्र आपटलं. "वाच. मोठ्याने वाच."

शेपटाने वाचलं. "'सदर खेळाडूची अत्यल्प कामगिरी लक्षात घेता, ती खचून जाऊ नये म्हणून, केवळ सहानुभूतीने व विशेष बाब म्हणून...'"

"पुरे!" काडीने पत्रावर हात ठेवला. "सातवी आले मी. त्या चिखलात माझ्या तोंडात रक्ताची चव आली होती. आणि हे मला भीक घालतात? मी सही करणार नाही. खोकी चिकटवीन, पण ही दया नको."

"सही कर."

"नाही म्हटलं ना."

"काडे, दोन तास राहिलेत. सही कर."

"तुला काय जातंय सांगायला!"

एवढ्यावर मात्र शेपटाचा तोल सुटला. तिने इस्त्री उभी करून ठेवली. "मला काय जातंय? तीन रात्री ते पत्र घेऊन झोपले मी. खोटं आहे हे माहीत असून मला ते हवं होतं. अजून हवंय. आत्ता, या मिनिटाला हवंय! मी काही फार मोठ्या मनाची नाही. तू तो निळा डगला घेऊन आली नसतीस, तर मी गेले असते, मागे वळून बघितलंही नसतं. आई माझ्याशी बोलत नाही. वर्षभर मला कुणी संघात घेणार नाही. आणि तू एका गाढवाने लिहिलेल्या दोन शब्दांसाठी फुगून बसतेस?"

काडीने पत्रावरचा हात काढला. मग हळू आवाजात म्हणाली, "तू गेली असतीस तरी दोन महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं असतं. घरी पाठवलं असतं तुला."

"दोन महिने तर दोन महिने! दोन महिने तरी कुणीतरी मला नीट शिकवलं असतं. इथे मला कुणी शिकवलंय? तुम्ही पाच जणी पोचलात की मास्तर घड्याळ बंद करून खिशात टाकतात. मी अजून मैदानातच असते. तीन वर्षांत माझी वेळ किती येते, ते मला माहीत नाही. तिकडे त्या फळ्यावरही मी नंबर बघितला आणि पडले. वेळ बघायची राहूनच गेली."

आतल्या खोलीत आईच्या बादलीचा आवाज थांबला.

"चोवीस मिनिटं बारा सेकंद," काडी म्हणाली.

"काय?"

"तुझी वेळ. मी घड्याळाखाली उभी होते, तू येईपर्यंत. तू नसतीस आलीस तर माझं सातवं येणं कुणी मोजलंच नसतं. चोवीस बारा. सरावात तुझे सव्वीसच्या वर जात असणार, मला अंदाज होता. चिखलात चोवीस बारा म्हणजे चांगलं आहे गं."

शेपूट टेबलाखालचं स्टूल ओढून बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. इतकी, की शर्ट तयार आहे का विचारायला आलेला एक माणूस काही न विचारताच परत गेला. काडीने तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, पत्र पुढे ओढलं, आणि पेन शोधून सही केली.